खाडीपलीकडच्या 32 डिश

बंद पडलेल्या रेडिओ दुर्बिणी शोधून त्यांचे फोटो काढायचे, हा माझा जरा हटके छंद. पण असली एक दुर्बीण आमच्या भिवंडीच्या शेजारी, खाडीपलीकडे कल्याणला होती, हे किती जणांना ठाऊक आहे? सिडनीजवळ मोडीत निघालेल्या सहा फुटी 32 डिश गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियाकडून मिळवल्या. 1965 पासून त्या सूर्याच्या रेडिओलहरी टिपू लागल्या. 1968 मध्ये काम थांबलं. पण तिथं हात बसलेल्या टीमनं पुढं उटीची दुर्बीण उभारली, आणि मग नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी! गिरण्यांचे जुने माग चालवणाऱ्या भिवंडीला हे वेगळं काय सांगायचं? तेव्हा वीकेण्डला कॅमेरा घेऊन निघालात, तर नुसता गंज टिपू नका. त्यावर कोण काय शिकलं, तेही विचारा.