अर्ध्या तिकिटात गडावर

आजच्या गप्पांचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आपण डोंगर चढायला जाण्याबद्दल बोलणार आहोत. तेही स्वतःच्या गाडीनं नाही, आपल्या लाल एसटीनं, आणि गटातल्या सगळ्याजणी मिळून.

पहिला प्रश्न हाच येणार, की आम्ही रोज काय कमी चालतो? पाण्याला चालतो, सरपणाला चालतो, खुरपायला दोन शेतं ओलांडून जातो. खरं आहे. पण ते सगळं चालणं कामाचं. डोक्यावर काहीतरी असतं, नाहीतर मागे कुणीतरी वाट बघत असतं. मोकळ्या हातानं, सोबतीणींशी बोलत, वाटलं तर बसत, असं एक दिवस चालणं बहुतेकींच्या वाट्याला शाळेची सहल संपल्यावर आलेलंच नाही. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या सगळ्या गाड्यांमध्ये बायकांना अर्धं तिकीट आहे. ते आपण माहेराला, दवाखान्याला, बाजाराला, लग्नाला वापरतो. वर्षातून एकदा ते स्वतःच्या आनंदासाठी वापरायला काय हरकत आहे?

आधी तिकिटाचं नीट समजून घेऊ. साधी गाडी असो, निमआराम असो की शिवशाही, सवलत सगळीकडे मिळते, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढच्या राज्यात जाणारी गाडी असेल तर तिकडच्या टप्प्याचं पूर्ण भाडं पडतं. ७५ वर्षं पूर्ण झालेल्या आजींना प्रवास फुकट आहे, फक्त वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ हवं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहेच. शहरातल्या महापालिकेच्या बसला मात्र ही सवलत लागू नाही. म्हणजे पुण्यातून शहर बसनं सिंहगडाच्या पायथ्याला गेलात, तर त्या टप्प्याचे पैसे वेगळे धरा. पंधरा-वीसजणी असाल तर डेपोत जाऊन प्रासंगिक करारावर पूर्ण गाडीची चौकशी करता येते. तिथला हिशेब वेगळा असतो, म्हणून आकडा आधी विचारून घ्या आणि मगच ठरवा.

आता जायचं कुठं? ज्या गडाच्या पायथ्याजवळ मोठं बसस्थानक आहे, तो पहिल्या वेळेला बरा. तीन ठिकाणं सांगते, सोप्यापासून अवघडापर्यंत.

पहिलं साताऱ्याचं अजिंक्यतारा. गड शहराला लागूनच आहे. स्थानकावर उतरलं की चालत जाता येतं आणि वर जायला डांबरी रस्ताही आहे, त्यामुळे गुडघे दुखणारीलाही रिक्षानं बरंच वर नेता येतं. १७०० साली औरंगजेबानं वेढा घालून हा गड घेतला होता. पुढे महाराणी ताराबाईंच्या काळात तो मराठ्यांना परत मिळाला. वर मंगळाई देवीचं देऊळ आहे आणि खाली अख्खं सातारा दिसतं.

दुसरं जुन्नरचं शिवनेरी. पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नरला एसटी जाते. स्थानकापासून गडाचा पायथा थोड्याच अंतरावर आहे. पायऱ्यांची चांगली बांधलेली वाट सात दरवाजांतून वर जाते. सावकाश गेलं तरी तासा-सव्वा तासात माणूस वर पोचतं. वाटेत शिवाई देवीचं देऊळ लागतं. वर गंगा-जमुना ही पाण्याची टाकी आणि शिवाजी महाराजांचं जन्मस्थान आहे. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात शिवनेरीही आहे. याच गडाला एक साखळीची वाट आहे. ती कातळातली आहे, सरावाच्या माणसांची. आपण पायऱ्यांनीच जायचं.

तिसरं कळसूबाई. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी नावाचं गाव आहे, तिथं उतरायचं. चढायला तीन ते चार तास लागतात. अवघड जागी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. माथ्यावर कळसूबाईचं लहानसं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथं मोठी गर्दी असते. एखादा सोपा गड करून झाल्यावर, आणि शक्यतो आदल्या रात्री जवळ मुक्काम करूनच इथं जा.

ठिकाण ठरलं की सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परतीची गाडी. सकाळची गाडी चुकली तर फार तर बेत बारगळतो. संध्याकाळची चुकली तर पंधरा बायका रात्री परगावच्या फाट्यावर उभ्या राहतात, आणि मग घरचे पुन्हा कधी पाठवत नाहीत. म्हणून दिवसाचा हिशेब उलट्या बाजूनं करायचा. समजा परतीची शेवटची गाडी सहाची आहे. ती आपली नाहीच असं समजायचं, तिच्या आधीची साडेचारची आपली धरायची. साडेचारला गाडी, तर चारला थांब्यावर. उतरायला एक तास, म्हणून तीनला वरून निघायचं. चढायला दीड तास, वर जेवण आणि बघणं दोन तास, म्हणजे साडेअकराला पायथा सोडायला हवा. यात गाडी आपल्या गावाहून किती वाजता निघते ते मिळवा, की घरातून कधी निघायचं ते कळतं. हे गणित जमत नसेल तर तो गड एका दिवसाचा नाही. दुसरा निवडा.

वेळापत्रक कुणाच्या सांगण्यावर धरू नका. मोठ्या स्थानकात वाहतूक नियंत्रकाची खिडकी असते, तिथं तीन प्रश्न विचारा. गाडी रोज असते का? रविवारी किंवा शाळेच्या सुट्टीत बंद असते का? परतताना ती आतल्या गावात येते की फाट्यावरूनच जाते? खेड्यातल्या पुष्कळ गाड्या शाळेच्या मुलांसाठी असतात आणि सुट्टीत बंद राहतात. नेमक्या त्याच दिवशी आपण निघालेलो असतो. जाताना कंडक्टरलाही सांगून ठेवा की आम्ही अमुक गाडीनं परत येणार आहोत. पायथ्याच्या गावात एखाद्या हॉटेलवाल्याचा किंवा जीपवाल्याचा नंबर घेऊन ठेवा, म्हणजे अडचणीत आधार होतो.

बरोबर काय घ्यायचं? प्रत्येकीनं निदान दोन लिटर पाणी. भाकरी, चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे. मीठ-साखरेची पुडी किंवा ओआरएस. साडी नेसायची असेल तर खोचून नेसा, पंजाबी ड्रेस अधिक सोयीचा. चप्पल नको, मागून बंद असलेले आणि तळाला खाचा असलेले बूट हवेत. पाळी येण्यासारखी असेल तर पॅड आणि वापरलेलं गुंडाळून परत आणायला कागद-पिशवी ठेवा. पाळीमुळे कुणी मागं राहायला नको, त्रास होत नसेल तर चालायला हरकत नाही. दम्याचा, रक्तदाबाचा, साखरेचा त्रास असलेलीनं आपल्या गोळ्या जवळ ठेवाव्यात आणि दोघींना तरी ते सांगून ठेवावं. लेकुरवाळी असेल तर बसस्थानकात हिरकणी कक्ष कुठं आहे ते विचारा, तिथं बाळाला पाजायला आडोसा मिळतो.

चालताना सगळ्यांत हळू चालणारीला पुढं ठेवा आणि दमदार बाईला सगळ्यांत मागं. मग कुणी एकटी मागं राहत नाही. कड्याच्या टोकावर फोटोसाठी जाऊ नका. कातळात आग्या मोहोळ असतं, म्हणून गडावर चूल पेटवू नका, उदबत्ती लावू नका, उग्र अत्तर नको. ढग गडगडायला लागले तर माथा सोडून खाली या. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका. त्या बाईला न चालवता लवकरात लवकर दवाखान्यात न्या. १०८ वर रुग्णवाहिका मिळते आणि ११२ वर पोलिसांची मदत. पहिली सहल दिवाळीनंतरच्या थंडीत करा. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण वाटा निसरड्या असतात.

पैशांबद्दलही एक सांगते. सहलीचा खर्च गटाच्या बचतीतून काढू नका, त्यावरून वाद होतात. दर महिन्याला वेगळे वीस-तीस रुपये बाजूला टाका, सहा महिन्यांत तिकिटाची सोय होते. आणि ज्या गटांचं गावच गडाच्या पायथ्याशी आहे, त्यांनी दुसऱ्या बाजूनं विचार करावा. येणाऱ्या बायकांना पिठलं-भाकरी, प्यायचं पाणी आणि स्वच्छ संडास हवा असतो. नीट दर ठरवून ही सोय केली, तर तुमच्याही हाताला काम मिळेल.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम. दोघींनी तालुक्याच्या बसस्थानकावर जायचं, गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून आणायच्या आणि बैठकीत वाचून दाखवायच्या. जायचं की नाही, कधी, कुठं, हे मग सगळ्याजणी मिळून ठरवा.