आत्याचं आवरताना

पहाटे साडेपाच. आत्याची कूस बदलायची वेळ. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आल्यापासून तिची डावी बाजू लुळी आहे. आपलं आपण वळता येत नाही, म्हणून दर दोन तासांनी आम्ही वळवतो. वळवलं की दिवा लावून माकडहाड, खुबे, टाचा बघते. लालसर दिसलं तर बोटानं दाबायचं. क्षणभर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक, दाबूनही लालच राहिलं तर ती जखमेची सुरुवात. अशा जागी तेल चोळायची रीत घरोघरी आहे. ती कृपा करून सोडा, आतली नाजूक कातडी त्यानं आणखी दुखावते. त्या जागेवरचा भार काढायचा.

साडेसहा. कमोडची खुर्ची पलंगाशी, तिच्या उजव्या हाताला, ब्रेक लावून. "आत्या, उठूया?" एवढं विचारून मी थांबते. तिचा "हं" आल्यावरच हात लावते. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात घालवलेल्या बाईला न विचारता उचलणं मला पटत नाही. लुळा हात धरून ओढायचं तर कधीच नाही, खांदा निखळू शकतो. उजवा पाय पक्का टेकला की जोर ती लावते, मी कमरेचा पट्टा धरते. मग पडदा ओढून पलीकडे, हाकेच्या अंतरावर उभी राहते.

आठ वाजता कवळी, चहा, गोळ्या.

साडेनऊ. आंघोळीला पाऊण तास सहज जातो आणि तो जाऊ द्यायचा असतो. पाणी कोपरानं तपासते, तिच्या डाव्या हाताला चटका कळत नाही. एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा, बाकीच्यावर पंचा. चेहरा, छाती आणि मांड्यांमधली जागा ती स्वतः उजव्या हातानं धुते. मी साबण लावलेलं फडकं हातात देते आणि पाठीमागे जाते. हे मी केलं तर निम्म्या वेळात होईल. पण तेवढंच तिचं तिच्याकडे उरलंय, ते मी घाईपायी घेणार नाही. काखा, स्तनांखालची जागा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, घासायच्या नाहीत. गाऊन घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. मग वेणी. वेणी मीच घालते, आणि या वेळात ती सगळ्यात जास्त बोलते.

एक वाजता जेवण. ताट आपण नेहमी वाढतो तसंच, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. आत्या उजवी बाजू संपवते आणि "झालं" म्हणते. डोळ्यांना कोशिंबीर दिसते, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. म्हणून अर्ध्यावर ताट फिरवते. गप्पा मारायलाही मी मुद्दाम तिच्या डावीकडे बसते, मान तिकडे वळावी म्हणून. घास गिळताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. चूळ भरल्यावर डाव्या गालात शीत अडकलंय का ते बघायचं. तिला कळत नाही आणि पुढे ठसका लागतो.

तीनला तिची झोप, माझी पाठ टेकायची वेळ. ही मी कुणासाठीही मोडत नाही. सेवा करणारीनं थकून पडावं अशी अपेक्षा आपल्याकडे फार आहे, आणि मला तिचा राग येतो.

पाचला ओसरीवर खुर्ची, लुळ्या हाताखाली उशी, शेजारणी, शब्दकोडं.

रात्री नऊ. भाऊ रात्रपाळीला येतो. काय काय झालं ते आत्याच त्याला सांगते: डावी टाच जरा लाल आहे, पोटरीखाली उशी दे, टाच उचललेली राहू दे. बाराला या कुशीवर, दोनला त्या. आणि उद्या मला केस धुवायचेत.