जुन्या चार-स्ट्रोक मोटारसायकलची शक्तिवृद्धी आणि इंधनबचत : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळावर नजर टाकली असता पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या शंभर घनसेंटिमीटर क्षमतेच्या मोटारसायकली आजही मोठ्या संख्येने आढळतात. त्यातील अनेक वडिलांनी घेतलेल्या आणि आता मुलाच्या वा मुलीच्या हाती आलेल्या असतात. अशा वाहनाबाबत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात : गाडीत पूर्वीचा दम राहिलेला नाही आणि ॲव्हरेज पडले आहे. गॅरेजमध्ये पहिल्या तक्रारीवर जो उपाय केला जातो तो बहुधा दुसरी तक्रार वाढवतो. त्यातून ‘शक्ती हवी असेल तर पेट्रोल जाळावेच लागेल’ हा समज दृढ झाला आहे. हा समज अर्धाच खरा आहे. तो कोठे खरा ठरतो आणि कोठे चुकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका परिचित इंजिनाच्या आधारे केले आहे.

हे इंजिन म्हणजे हीरो होंडाचे ९७.२ घनसेंटिमीटरचे एक सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन होय. १९८५ मध्ये सीडी १०० या गाडीबरोबर ते भारतीय रस्त्यावर आले आणि १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरने ते खेडोपाडी पोहोचवले. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनचा फेरा ४९.५ मिलिमीटर आणि मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर सुमारे ७.५ अश्वशक्ती ही त्याची ठळक मापे. होंडाशी भागीदारी संपल्यानंतर २०११ पासून हीरो मोटोकॉर्प या नावाने कंपनीने याच मापाचे इंजिन पुढे चालू ठेवले. २०२० मध्ये भारत स्टेज ६ च्या नियमांनुसार कार्ब्युरेटर जाऊन इंधन अंतःक्षेपण आले, त्या आवृत्तीत संपीडन गुणोत्तर ९.९ इतके आहे, आणि शक्ती भरली ८ अश्वशक्तीच्या आसपास. सुसज्ज प्रयोगशाळा आणि पस्तीस वर्षांचा अनुभव हाताशी असूनही तेवढ्याच घनफळातून उत्पादकाला वाढीव मिळाली ती सुमारे अर्धी अश्वशक्ती. ‘दोन हॉर्सपॉवर वाढवून देतो’ असे सांगणाऱ्या गॅरेजच्या आश्वासनाचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर व्हावयास हवे.

लागणारी शक्ती आणि मिळणारी शक्ती

वाहनाला कोणत्या वेगाला किती शक्ती लागते, याचा हिशेब माध्यमिक शालेय भौतिकशास्त्राच्या पलीकडचा नाही. गाडी व चालक मिळून १८५ किलोग्रॅम धरले आणि टायरच्या लोळणघर्षणाचा गुणांक ०.०१८ मानला, तर सपाट रस्त्यावर सुमारे ३३ न्यूटन रोध येतो. सरळ बसलेल्या चालकासह हवेचा रोध ठरवणारे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरल्यास ताशी ५० किलोमीटर वेगाला तो सुमारे ७० न्यूटन होतो. म्हणजे एकूण रोध १०० न्यूटनच्या थोडा वर आणि त्यासाठी चाकावर लागणारी शक्ती सुमारे १.४ किलोवॅट, अर्थात दोन अश्वशक्तीपेक्षाही कमी. मात्र ताशी ८० किलोमीटरला हवेचा रोध अडीच पटींहून अधिक वाढून हीच गरज ४.७ किलोवॅटपर्यंत, म्हणजे सहा अश्वशक्तीच्या पुढे जाते. साखळी व गिअरमधील घट वजा जाता इंजिनाजवळ यानंतर फारसे काही उरत नाही. ही गाडी ऐंशी-पंचाऐंशीला थकते याचे कारण येथेच आहे.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. रोजच्या प्रवासात इंजिन आपल्या क्षमतेच्या जेमतेम पाव भागावर चालत असते. पेट्रोलचा खर्च ठरतो तो या पाव भागात, तर ‘दम’ जाणवतो तो घाटात, ओव्हरटेक करताना किंवा मागे कोणी बसलेले असताना, म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर. शक्ती आणि काटकसर या दोन वेगवेगळ्या परिस्थितींतील बाबी आहेत. एकीला हात लावताना दुसरीला धक्का लागलाच पाहिजे असा निसर्गनियम नाही.

लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी ताशी ५० च्या वेगाने तासाला ०.८३ लिटर पेट्रोल जाळते. त्यातील उष्णता सुमारे ७.४ किलोवॅटइतकी असते आणि चाकापर्यंत पोहोचते १.४. उरलेले ८० टक्के उष्णता, घर्षण आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्याच्या श्रमात जाते. जुन्या गाडीत या नुकसानीत भर पडते. ती भरपाई करून मिळवलेली शक्ती ही पेट्रोल न वाढवता मिळालेली शक्ती असते.

प्रथम गमावलेली शक्ती

झिजलेल्या पिस्टन रिंगमधून आणि नीट न बसणाऱ्या झडपांतून संपीडित वायू निसटतो. टॅपेटचे अंतर कमी झाले असेल तर झडप पूर्ण मिटत नाही, वाजवीपेक्षा वाढले असेल तर ती पुरेशी उघडत नाही. कंपनीच्या पुस्तिकेतील अंतर इंजिन थंड असताना फीलर गेजने लावणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण अनेक ठिकाणी ते ‘आवाजावरून’ केले जाते आणि आवाज कमी करण्याच्या नादात टॅपेट आवळले जातात. गाडी शांत होते आणि शक्ती जाते. धुळीने भरलेला एअर फिल्टर, ताणलेली कोरडी साखळी आणि कमी हवेचे टायर यांची गणना याच वर्गात होते. मागचा ब्रेक किंचित धरून राहिला आणि त्याने केवळ १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलोग्रॅम वजनाएवढा रोध केला, तरी वरील हिशेबानुसार ५० च्या वेगाला एकूण भार दहा टक्क्यांनी वाढतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवून पाहण्याची ही चाचणी विनामूल्य आहे, आणि बहुधा म्हणूनच उपेक्षित आहे.

इंजिन बोअर करण्याची वेळ आली असेल तर तेथे थोडी खरी वाढही मिळते. सिलिंडर ५१ मिलिमीटरपर्यंत कातून मोठ्या मापाचा पिस्टन बसवल्यास घनफळ चार टक्क्यांनी वाढून १०१ घनसेंटिमीटर होते. वरचा ज्वलनकक्ष तेवढाच राहात असल्यामुळे मूळचे ९ च्या आसपासचे संपीडन गुणोत्तर ९.३ पर्यंत चढते. आदर्श ऑटो चक्राच्या सूत्राप्रमाणे यातून औष्णिक कार्यक्षमतेत सुमारे एक टक्क्याची भर पडते. ही भर पूर्ण थ्रॉटलला शक्तीच्या रूपाने आणि पाव थ्रॉटलला बचतीच्या रूपाने दिसते. संपीडन वाढवणे हा दोन्ही तक्रारींवर एकाच वेळी लागू पडणारा दुर्मीळ उपाय आहे. मात्र त्याच कारणाने हेड घासून गुणोत्तर अकरा-बारापर्यंत नेण्याचा मोह आवरला पाहिजे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात उन्हाळ्याच्या दुपारी ठोका सुरू झाला की पिस्टन वितळण्यास फार वेळ लागत नाही.

कार्ब्युरेटर : खरा कळीचा भाग

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागास १४.७ भाग हवा लागते. सर्वाधिक शक्ती मात्र १२.५ ते १३ या किंचित दाट मिश्रणावर मिळते आणि सर्वाधिक काटकसर १५.५ ते १६ या विरळ मिश्रणावर. या दोन आकड्यांमुळेच शक्ती आणि बचत परस्परविरोधी वाटतात. परंतु कार्ब्युरेटरची रचनाच अशी आहे की या दोन स्थितींसाठी वेगवेगळे मार्ग आहेत. थ्रॉटल साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू मिश्रण ठरवतो. पाव ते पाऊण भागात नीडलची उंची आणि तिचा निमुळतेपणा. आणि त्यापुढे मेन जेट.

गॅरेजमध्ये होणारी चूक याच ठिकाणी आहे. ‘पिकअप नाही’ अशी तक्रार येताच नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवून नीडल उचलली जाते आणि स्क्रू फिरवून मिश्रण दाट केले जाते. गाडी तात्पुरती चपळ वाटते. पण ज्या पाव थ्रॉटलवर दिवसभराचा प्रवास होतो तेथेच पेट्रोल अधिक जाऊ लागते. त्याऐवजी नीडल मूळ खाचेवर ठेवून केवळ मेन जेट एका पायरीने मोठा बसवला, तर दाट मिश्रण फक्त थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच मिळते. घाटातील काही मिनिटे वगळता त्याचा पेट्रोलच्या खर्चाशी संबंध येत नाही. अर्थात, मूळ जेटने मिश्रण आधीच पुरेसे दाट असेल तर मोठा जेट उलट शक्ती घटवतो. पूर्ण थ्रॉटलवर काही वेळ चालवून लगेच इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा : पांढुरका असेल तर मिश्रण विरळ, काजळीने काळा असेल तर दाट, फिकट तपकिरी असेल तर योग्य. ही जुनी पद्धत आजही उपयोगी आहे, जरी आजच्या पेट्रोलवर रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही.

इथेनॉलमिश्रित इंधनाचा प्रश्न

या पेट्रोलमुळे अलीकडे प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रुळले. इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनाला केवळ ९ पट हवा पुरते, त्यामुळे ई-२० साठीचे प्रमाण १३.५ च्या जवळ येते. नव्या गाडीतील संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला तशी सोय नाही. शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेला जेट ई-२० वर सात-आठ टक्के विरळ मिश्रण देतो. शिवाय लिटरमागे उष्णताही सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यात अशा जुन्या रचनेच्या दुचाकींची इंधनकार्यक्षमता ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. गेल्या काही वर्षांत ‘दम गेला’ असे म्हणणाऱ्या चालकाच्या गाडीत झीज किती आणि इंधनबदल किती, हे वेगळे करून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. मेन जेट एक पायरी मोठा करण्याचे समर्थन आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. पेट्रोलची नळी, फ्लोट-कक्षाचे वॉशर आणि इतर रबरी भाग जुने असल्यास ते आधी बदलावेत. अन्यथा गळणाऱ्या पेट्रोलचा हिशेब जेटच्या खात्यावर मांडला जाईल.

ई-२० ची एक जमेची बाजूही नोंदवली पाहिजे. त्याचा ऑक्टेन क्रमांक ९५ आहे. भारत स्टेज २ च्या काळात तो ८८ होता. बोअरमुळे वाढलेले ९.३ चे गुणोत्तर या इंधनावर निर्धोक चालते. आणखी एक गंमत : वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर पोहोचल्यावर हवेची घनता बारा टक्क्यांच्या आसपास घटते आणि कार्ब्युरेटरचे मिश्रण सहा टक्के दाट होते. ई-२० मुळे विरळ झालेले मिश्रण तेथे जवळजवळ जागेवर येते. शक्ती मात्र हवेबरोबर कमी होते ती होतेच.

न मानवणारे उपाय

शक्ती म्हणजे पेट्रोल हा समज बहुधा दोन-स्ट्रोक गाड्यांच्या काळातून आला असावा. १९८५ च्या सुमारास आलेली यामाहा आरएक्स १०० ही ९८ घनसेंटिमीटरमधून ११ अश्वशक्ती देत असे, कारण तिच्यात प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होई. पण ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाई. त्या गाडीचे संस्कार चार-स्ट्रोकवर करणे व्यर्थ आहे. फिल्टर काढून टाकल्यास मिश्रण विरळ होते आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. मोकळा सायलेन्सर बसवल्याने नळीतील दाबलहरींचा मेळ बिघडतो, खालच्या वेगाचा जोर घटतो, आणि मग तो भरून काढण्यासाठी नीडल उचलली जाते. आवाजाला शक्ती समजण्याची ही किंमत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे विद्यार्थ्यांना सांगणे अगत्याचे आहे.

पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात वाढवण्याचा उपाय मात्र प्रदेशावर अवलंबून आहे. चौदाचे पंधरा केल्यास त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या सात टक्क्यांनी कमी होतात. सोलापूरच्या सपाट रस्त्यावर यातून पेट्रोल वाचते. कोकणात उतरणाऱ्या-चढणाऱ्या चालकाला मात्र प्रत्येक वळणावर गिअर पाडावा लागतो आणि बचत तेथेच संपते.

फरक मोजण्याची रीत

यातील कोणताही फरक चालकाच्या अंदाजाने ठरवू नये. एका वेळी एकच बदल करावा. एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरावी, नेहमीच्याच रस्त्याने किमान दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी. शक्तीसाठी एखादा ठरावीक चढ निवडून, त्याच गिअरमध्ये, त्याच चालकाने ताशी ३० वरून ५० पर्यंत जाण्यास लागणारा वेळ घड्याळावर घ्यावा. तीन वेळा घेऊन सरासरी काढावी. चढ शक्यतो कमी वर्दळीचा असावा व मोजणी मागे बसलेल्याने करावी. दोन्ही फेऱ्यांत मागे तीच व्यक्ती असेल याची काळजी घ्यावी. पदार्थविज्ञानाच्या पदवी वर्गातील प्रकल्पासाठी ही मोजणी सहज बसणारी आहे. साहित्य वाहनतळावर उभे असते, आणि ३० ते ५० च्या वेळेवरून गतिज ऊर्जेतील बदल व चढासाठी लागलेले कार्य काढून चाकावरची सरासरी शक्ती किलोवॅटमध्ये मांडता येते.