कार्यशाळेने मन कणखर होत नाही

‘हल्लीच्या पोरांना ताण सहनच होत नाही. एखादं चांगलं ट्रेनिंग ठेवा, आपोआप कणखर होतील.’ बँक असो, कारखाना असो की रुग्णालय, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कानावर पडताच चीड येते. मग एक वक्ता येतो, दोन तास बोलतो, डोळे मिटून श्वास मोजायला लावतो. शेवटी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. सोमवारी टेबलावर कामाचा ढीग तेवढाच असतो आणि अडलं तर विचारायचं कुणाला, हेही कळत नसतं.

अशा उपक्रमांची तपासणी झालेली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती अभ्यासली. २०२४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ताणाशी सामना करण्याचे वर्ग, माइंडफुलनेस, मनःस्वास्थ्याची अ‍ॅप्स यांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या अवस्थेत नव्हते. एका वेळच्या तुलनेवरून शेवटचा निकाल देता येत नाही, हे मान्य. पण याच उपायावर पुन्हा पुन्हा पैसे ओतणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा तरी वाचावा.

याचा अर्थ शिकण्याने उभारी येत नाही असा नाही. येते, पण हातातलं काम शिकताना येते. एका रुग्णालयात रात्रपाळीला मी हे जवळून पाहिलं. नवी सिस्टर एका आजोबांना सलाईन लावत होती. सुई एकदा चुकली, आजोबा कळवळले, तिचे हात थरथरू लागले. इन्चार्ज सिस्टर ओरडल्या नाहीत, की ट्रे काढूनही घेतला नाही. शेजारी उभं राहून म्हणाल्या, ‘अगं, शीर डोळ्यांनी नको, बोटानं शोध. म्हाताऱ्या माणसाची शीर सटकते, खालची कातडी ताणून धर.’ दुसऱ्या खेपेला सुई बसली. त्या पोरीला धीर आला तो तिथे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं: ‘मला हे जमेल’ या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः करून जमलेलं काम.

त्यासाठी चूक उघडपणे सांगता आली पाहिजे. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या चमूंच्या वॉर्डांत चुकांची नोंद कमी असेल, ही अपेक्षा होती; निघाली जास्त. त्या वॉर्डांत लोक चूक लपवत नव्हते, हे त्याचं कारण असल्याचं त्यांना आढळलं. जिथे चुकीला मेमो मिळतो, तिथे माणूस फक्त लपवायला शिकतो.

‘चटके बसले की माणूस घट्ट होतो’ हाही असाच एक समज. मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगात जे विजेचे धक्के काही केल्या थांबवता येत नव्हते, ते सोसलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांनी पुढे सुटका शक्य असतानाही धडपड सोडून दिली. धक्का स्वतः थांबवता आलेली कुत्री मात्र धडपडत राहिली.

‘कणखरपणा जन्मजात असतो’ हा आणखी एक समज. स्वभावाचा वाटा असतो, पण हवाई बेटांतल्या कवाई इथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात, हलाखीतून सावरलेल्यांच्या मागे बहुधा एखादं तरी मायेचं, भरवशाचं माणूस होतं.

‘अपघातानंतर लगेच सगळ्यांना बसवून बोलतं करा,’ असाही सल्ला मिळतो. नको. अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असं वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात दिसलं.

पुढच्या वर्षाचं प्रशिक्षण आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सभागृह बुक करण्याआधी नव्या माणसाशेजारी पहिला महिना कोण उभं राहणार, त्याचं नाव ठरवा. आणि तेवढे दिवस त्या जुन्या माणसाचं स्वतःचं काम हलकं करा.