न निघणाऱ्या मुखवट्याचा राजा

‘उतावारेरुमोनो’ या जपानी नावाचा अर्थ ‘ज्याची गाणी गायली जातात तो’. २००२ मध्ये लीफ या जपानी कंपनीने संगणकासाठी आणलेल्या या गेमचा मोठा भाग चक्क वाचायचा आहे, उरलेला चौकोनी घरांच्या पटावर लढायचा.

वाचायच्या गेमला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. मागे जागेचे चित्र, पुढे बोलणारे पात्र, खाली मजकूर. बटण दाबले की पुढचे वाक्य येते. १९९२ मध्ये चुनसॉफ्टने असाच एक भयकथेचा गेम काढला, तेव्हा त्याला ‘साउंड नॉव्हेल’ म्हटले गेले. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव रुळवले ते लीफनेच, १९९६ च्या ‘शिझुकु’पासून सुरू झालेल्या मालिकेतून.

कथेचा नायक हाकुओरो जखमी अवस्थेत एका खेड्यात शुद्धीवर येतो. आठवण पुसली गेली आहे आणि चेहऱ्यावरचा मुखवटा काही केल्या निघत नाही. इथल्या माणसांना जनावरांसारखे कान आणि शेपट्या आहेत. पेहराव आणि नावांवर उत्तर जपानमधल्या ऐनू लोकांच्या संस्कृतीची छाप आहे. हाकुओरोला आसरा देणाऱ्या घरातल्या आजीचे नाव तुस्कुरु, आणि त्याच्याशी मिळताजुळता ऐनू शब्द अंगात येणाऱ्या मांत्रिकासाठी वापरतात.

सुरुवातीलाच मुतिकापा नावाचे वाघासारखे श्वापद गावावर तुटून पडते. गावकरी त्याला जंगलाचे दैवत मानतात. त्याच्या केसाळ कातडीत शस्त्र शिरत नाही, पण कातडी भिजली की मऊ पडते हे हाकुओरोच्या लक्षात येते. श्वापद मारले जाते, मागे राहते त्याचे पिल्लू. घरातली धाकटी मुलगी अरुरू त्याला मुक्कुरु नाव देऊन वाढवते, आणि पुढच्या लढायांत त्याच्याच पाठीवर बसून उतरते. ज्याची आई गावाने मारली तेच पिल्लू आता गावासाठी पटावर उभे असते. या कथेचा काळोख राक्षसांपेक्षा अशा जागी जास्त आहे.

लढाई पाळीपाळीने चालते. ज्याचा वेग जास्त त्याची पाळी आधी. चौकोन मोजून सरकायचे, मग वार करायचा किंवा जखमीला बरे करायचे. हाकुओरोच्या हाती लोखंडी पंखा असतो, तर अरुरूची थोरली बहीण एरुरू औषधोपचार करते. २०१८ च्या नव्या आवृत्तीत वार करताना पडद्यावरचे वर्तुळ आकसत येते. नेमक्या क्षणी बटण दाबले तर घाव जोरात बसतो. चाल चुकलीच तर मागे जाऊन ती पुन्हा खेळता येते.

कथेत ही मुभा नाही. अन्यायी सत्तेचे शिपाई गावात येतात तेव्हा अरुरूला वाचवताना आजी तुस्कुरु मरते, आणि खेळणारा पटावर कितीही हुशार असला तरी तिला वाचवू शकत नाही. पुढच्या बंडाची ठिणगी इथेच पडते. बंड यशस्वी होते, हाकुओरो राजा होतो आणि नव्या राज्याला आजीचेच नाव देतो. त्यानंतरची प्रत्येक लढाई त्या नावासाठी असते, म्हणून पटावरचे साधे सरकणेही जड वाटते. तासन्‌तास वाचून ओळखीची झालेली माणसे तिथे उभी असतात, आणि वाचन आणि लढाई एकाच गेममध्ये ठेवण्याचे खरे फळ हेच आहे. मुखवट्याचे रहस्य मात्र ज्याने त्याने वाचूनच उलगडावे.

पहिल्या आवृत्तीत प्रौढांसाठीची दृश्ये होती. २००६ च्या प्लेस्टेशन २ आवृत्तीत ती गाळली गेली. त्याच वर्षी कथेवर ॲनिमे मालिकाही आली. कथेचे पुढचे दोन भाग जपानमध्ये २०१५ आणि २०१६ मध्ये निघाले, ते २०१७ मध्ये इंग्रजीत आले. पहिल्या भागाची नवी आवृत्ती इंग्रजीत २०२० मध्ये पोचली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र ती आधी खेळावी, कारण तिसऱ्या भागाचा बराच भार तुस्कुरुच्या या गोष्टीवर आहे.