रोहणा येथील एका श्रुतलेखन-यंत्राची ओळख

वर्धा जिल्ह्यांत पुलगांवाहून आर्वीकडे जातांना रोहणा हें गांव लागतें. तेथील एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहण्यास आम्ही गेलों असतां, रुमालांच्या शेजारीं लोखंडी बैठकीचें एक यंत्र व कापसाचें अस्तर असलेल्या डबींत मेणाची एक नळी आमच्या दृष्टीस पडली. घरची मंडळी यंत्रास 'चुडीबाजा' म्हणत. हें गाणीं ऐकण्याचें यंत्र असून त्याचा कर्णा हरवला आहे, अशी त्यांची समजूत. व त्या समजुतीनेंच तें एका व्यापाऱ्यास देण्याचें ठरत आलें होतें. नळी मात्र आजेसासऱ्यांची, असें वृद्ध मालकीणबाई म्हणाल्या. हे गृहस्थ नागपुरास वकिली करीत. तेव्हां प्रश्न दुहेरी होता: यंत्र कोणत्या कामाचें, आणि नळीवर गाणें आहे कीं कोणाचें बोलणें?

थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. १८७७ सालीं एडिसननें कथिलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उमटविला. बेल व टेंटर यांनीं पुठ्ठ्याच्या नळीवर मेण चढवून ग्राफोफोन सिद्ध केला. त्याचीं पेटंटें १८८६ चीं आहेत. १८८८ सालीं एडिसननें सबंध मेणाची नळी प्रचारांत आणली. आरंभीं हीं यंत्रें मुख्यतः कचेरींतील श्रुतलेखनासाठींच पुढें करण्यांत आलीं. गाण्याचा व्यापार मागाहून वाढला. पुढें कोलंबिया कंपनीनें १९०७ सालीं 'डिक्टाफोन' हें नांव नोंदविलें, व एडिसनचें यंत्र 'एडिफोन' या नांवानें प्रसिद्ध झालें.

आतां प्रस्तुत यंत्राकडे वळूं. त्याची नांवपट्टी गळून पडली आहे. गाण्याची नेहमींची नळी सुमारें ४ इंच लांब असते. येथील ६ इंच आहे. परंतु एवढ्यावरून निर्णय करणें घाईचें होय. कारण कोलंबियानें १९०५ सालीं गाण्याच्याहि ६ इंची नळ्या विक्रीस काढल्या होत्या, व प्रथमदर्शनीं आम्हांसहि हें त्यांतलेंच यंत्र वाटलें. खरा निकष खोबणींच्या दाटीचा. त्या गाण्याच्या नळ्यांवर इंचास १०० खोबणी असत. डिक्टाफोनच्या नळीवर १६०, आणि एडिसनच्या कचेरी-यंत्राच्या नळीवर १५०. आम्हीं नळी काढून बाजूस ठेविली, मोजपट्टी लाविली, व दांडा हातानें हळूहळू फिरविला. आवाज टिपणारा भाग बरोबर १ इंच सरकण्यास १५० फेरे लागले. दोनदां मोजूनहि संख्या तीच आली. म्हणून हें एडिसनच्या पद्धतीचें श्रुतलेखन-यंत्र होय, असें आमचें मत झालें.

यास दुसरीं दोन प्रमाणें आहेत. कर्णा हरवलेला नाहीं. तो बसविण्याची जागाच नाहीं. तेथें बोलण्याची रबरी नळी जोडण्याचें तोंड आहे. शिवाय यंत्र विजेच्या मोटारीवर चालणारें आहे. त्या काळीं रोहण्यास वीज नव्हती. सबब तें येथें वापरलें गेलें नसून नागपुरच्या कचेरीतून मागाहून आलें असावें.

नळीचें महत्त्व याहून अधिक आहे. पोथी लिहिणारा चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून तेथेंच शुद्ध पाठ लिही. कचेरींतहि टंकलेखकानें मजकूर उतरून घेतला कीं नळीचा पृष्ठभाग तासून ती पुन्हा कोरी करीत. यामुळें मजकुरासह उरलेली नळी विरळा. या नळीवर भिंगाखालीं आरंभीं पाऊण इंच खोबणी दिसतात. पुढें सर्व गुळगुळीत आहे. म्हणजे शेवटच्या तासणीनंतर कोणी तरी बोललें, व तें पुसलें गेलें नाहीं. पाऊण इंचांत सुमारें ११२ फेरे होतात; मिनिटास ९० फेरे ही गति धरल्यास तें बोलणें सव्वा मिनिटाचें भरतें. तो आवाज आजेसासऱ्यांचाच, असें यावरून सिद्ध होत नाहीं. तो कारकुनाचाहि असूं शकेल. मालकीणबाईंस आम्हीं तसें स्पष्ट सांगितलें. त्यावर त्या म्हणाल्या, "कोणाचा का असेना, त्या घरांतला तर आहे ना!"

व्यापाऱ्यानें तबकडीची पोलादी सुई लावून नळी वाजवून दाखविण्याचें कबूल केलें होतें. तसें झालें असतें तर सर्वनाश होता. तबकडीच्या सामान्य खोबणींत सुई आडवी हलते. नळीवर आवाज खोलीच्या चढउतारानें कोरलेला असतो. हें मेण वस्तुतः एक प्रकारचा धातुयुक्त साबण असून पोलादी सुई तें सहज खरवडते. संग्राहकांनीं अशी नळी बाहेरून न धरतां आंतून दोन बोटें पसरून उचलावी, उभी ठेवावी, पांढरे ठिपके दिसल्यास पुसूं नयेत, व वऱ्हाड-नागपुराकडील उन्हाळ्यांत ती माळ्यावर ठेवूं नये. स्पर्शावांचून खोबणींचीं प्रकाशचित्रें घेऊन आवाज परत मिळविण्याची रीति आज सिद्ध आहे. त्याच रीतीनें बेलच्या १८८५ च्या तबकडीवरील त्याचा स्वतःचा आवाज २०१३ सालीं जगास ऐकावयास मिळाला.

यंत्राचा सौदा रहित झाला आहे, व नळी डबीसह थंड खोलींत ठेविली आहे. दप्तरें पाहणाऱ्या आमच्या मित्रांस एवढीच विनंति कीं, रुमालांशेजारीं असें यंत्र आढळल्यास प्रथम लांबी मापावी, मग फेरे मोजावे, आणि वाजविण्याचा मोह सर्वांत शेवटींहि आवरावा.