१०वीच्या वर्गात बिल बनवायला शिकवा

आम्ही ग्रे कापडाचे व्यापारी. शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले, पण धंद्याचा हिसाब शिकलो तो मुनीमजींच्या गादीशेजारी बसून. रोजमेळ लिहावा, खतावणी करावी, उधारीवर नजर ठेवावी, एवढ्यावर पेढी चालत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ही विद्या अपुरी पडली.

पहिल्याच वर्षी आम्ही सुरतच्या एका पार्टीला २,४०,००० रुपयांचे कापड पाठवले. ५ टक्क्यांप्रमाणे कर १२,००० रुपये. आमच्या माणसाने संगणकावर बिल काढताना त्याचे ६,००० सीजीएसटी व ६,००० एसजीएसटी असे दोन भाग केले. माल राज्याबाहेर जात होता, म्हणजे सगळे १२,००० आयजीएसटीच्या रकान्यात हवे होते. रक्कम तीच, खाते चुकले. पार्टीला कराची वजावट मिळेना, तिने आमचे पैसे अडकवून ठेवले. बिलावर सही आमची होती. सही केली, पण बिल वाचता आले नाही!

गंमत अशी की हा धडा शाळेतच आहे. २०१८ साली आलेल्या १०वीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात जीएसटी आणि कर-बीजक समजावले आहे. पण मुले ते गुणांपुरते सोडवतात आणि विसरतात. दुसरीकडे संगणकाच्या तासाला चित्रे काढणे व टंकलेखन चालते. हे दोन तास एकत्र का करू नयेत?

खर्च फारसा नाही. चार मुलांमागे एक संगणक पुरे, इंटरनेटचीही गरज नाही. घरातील जुनी बिले नाव-नंबर झाकून आणावीत. मुलांनी तक्त्यात तागे, मीटर, भाव, कर आणि येणे असलेली तारीख भरावी, बेरजेचे सूत्र स्वतः घालावे. मग भाव मीटरमागे एक रुपया उतरला तर नफ्याचे काय होते, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसेल. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गुजरात २४), पुढील दहा पॅनचे. हे ज्याला कळले तो आमच्यासारखी चूक करणार नाही.

त्याच तासाला आणखी एक गोष्ट सांगावी : यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. जो पिन मागतो, तो पैसे देणारा नव्हे, नेणारा आहे.

१०वीनंतर आपली कितीतरी मुले थेट मागावर किंवा दुकानात बसतात. ११वीच्या वाणिज्य शाखेपर्यंत ती पोहोचतच नाहीत. म्हणून शाळांच्या चालकांना आमची विनंती आहे : हा हिसाब १०वीच्या आतच शिकवा. जुनी बिले आणि आठवड्याचा एक तास आम्ही व्यापारी देऊ.